रॅपने सरकार पडतं का?

आमच्या इमारतीमागच्या मैदानात, पत्र्याच्या शेडला टेकून, संध्याकाळी चार-पाच पोरं उभी असतात. एकाच्या मोबाइलवर ठेका चालू असतो आणि बाकीचे गोल करून आळीपाळीने त्या ठेक्यावर बोलतात. परवा त्यातल्या एकाची ओळ कानावर पडली आणि मी पिशवी खाली ठेवून थांबलो:

नळ येतो फक्त प्रचारात,
टँकर येतो दोन हजारात.

आमच्या भागात पाण्याची बोंब जुनी आहे. तिच्यापायी सोसायटीच्या लेटरहेडवर किती पत्रं गेली याची गणती नाही. त्या सगळ्या पत्रांत मिळून जे कधी आलं नाही, ते या पोराने दोन ओळींत बसवलं होतं.

पण पाणी आलं का? नाही. रॅपबद्दल लोक जेव्हा विचारतात की "याने खरंच काही बदलतं का?", तेव्हा त्यांच्या मनात हीच शंका असते. नेपाळमुळे तर हा प्रश्न आता घराघरात पोचलाय. २०२२ साली काठमांडूच्या मतदारांनी बालेन्द्र शाह या रॅपरला अपक्ष म्हणून महापौर केलं. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उठावापुढे तिथलं सरकार कोसळलं, तेव्हाही पोरांच्या तोंडी त्यांचं नाव होतं.

माझं उत्तर आधीच सांगतो. गाण्याने सरकार पडत नाही. पण एकेकटी कुढणारी माणसं एकमेकांना सापडतात ती गाण्यामुळे, आणि ती सापडल्यावर त्यांच्या हाती कोणी ठोस काम दिलं तर सरकारं पडलेली आहेत. हे कसं घडतं ते पायरीपायरीने पाहू.

हिप-हॉप म्हणजे काय, रॅप म्हणजे काय

हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो. खरं तर हिप-हॉप ही अख्खी संस्कृती आहे. तबकड्या वाजवणारा डीजे, ठेक्यावर बोलणारा, जमिनीवर गिरक्या घेणारे नाचे आणि भिंतीवर रंगाने नाव कोरणारे, असे तिचे चार हातपाय. त्यातलं ठेक्यावर यमक जुळवून बोलणं म्हणजे रॅप.

जन्मतारीख पक्की आहे: ११ ऑगस्ट १९७३. ठिकाण न्यूयॉर्कचा ब्राँक्स भाग, १५२० सेजविक अॅव्हेन्यू, इमारतीचा खालचा सामायिक हॉल. सिंडी कॅम्पबेल या मुलीला शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. तिने पार्टी ठेवली, तिकीट लावलं आणि गाणी वाजवायला भावाला बसवलं. जमैकाहून आलेला हा भाऊ, क्लाइव्ह कॅम्पबेल, पुढे डीजे कूल हर्क म्हणून ओळखला गेला. त्याने एक गोष्ट हेरली होती. गाण्यात मधेच गाणारा थांबतो आणि नुसता ढोल-ताशा उरतो, नाचणारी पोरं त्या काही सेकंदांचीच वाट बघतात. मग त्याने एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावल्या. एकीवरचा तो तुकडा संपला की लगेच दुसरीवर सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. काही सेकंदांचा ठेका मिनिटं-मिनिटं चालू लागला. त्यावर कोणी मित्रांची नावं घेऊ लागलं, कोणी टोमणे मारू लागलं, आणि त्यातून रॅप उभा राहिला.

तेव्हाचा ब्राँक्स कसा होता? वस्तीच्या छाताडावरून एक द्रुतगती मार्ग गेला होता, हजारो कुटुंबं उठवली गेली होती. विम्याच्या पैशांसाठी घरमालक आपल्याच इमारती पेटवून द्यायचे आणि खर्च वाचवायला शहराने अग्निशमन केंद्रं बंद केली होती. वाद्यं विकत घेणं, क्लास लावणं या पोरांच्या आवाक्याबाहेरचं. घरातली जुनी तबकडी आणि तोंड, एवढंच भांडवल.

भावगीतात नाही असं रॅपमध्ये काय आहे?

पहिली गोष्ट, शब्दांची संख्या. भावगीताच्या एका कडव्यात चार ओळी मावतात आणि त्याही आळवत, थांबत. तेवढ्याच वेळात रॅपर पानभर बोलून जातो. त्यामुळे त्यात नुसती भावना नाही, तपशीलही बसतो. टँकरचा दर बसतो, तारीख बसते, नगरसेवकाचं आश्वासन जसंच्या तसं बसतं.

दुसरी गोष्ट, बोली. पुस्तकी भाषा इथे चालतच नाही. पोरगं घरी जसं बोलतं तसंच माइकवर बोलतं.

तिसरी मला सगळ्यात मोलाची वाटते. रॅपर 'मी' म्हणून बोलतो. "गरिबांवर अन्याय होतो" असं तो म्हणत नाही, "काल रात्री माझ्या भावाला चौकीत नेलं" असं म्हणतो. ती साक्ष असते. लॉस एंजेलिसच्या काळ्या वस्त्यांमधले रॅपर १९८८ मध्ये पोलिसांच्या मारहाणीबद्दल बोलत होते, तेव्हा बाहेरच्यांना ती अतिशयोक्ती वाटली. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग या माणसाला पोलीस बडवत असल्याची चित्रफीत जगाने पाहिली. गाणी तेच सांगत होती, तीन वर्षं आधीपासून.

जे सगळ्यांना माहीतच आहे ते गाऊन काय उपयोग?

हा आक्षेप रास्त आहे. पाणी येत नाही हे सांगायला रॅपर कशाला हवा, कोरडा नळ पुरेसा आहे.

समजा, एका सोसायटीत लिफ्टच्या कंत्राटात काहीतरी पाणी मुरतंय. अध्यक्षांवर सगळ्यांचा संशय आहे. पण प्रत्येक जण आपापल्या स्वयंपाकघरात कुजबुजतो. प्रत्येकाला वाटतं, आपणच तेवढे विचार करतोय, उगाच वाईटपणा कशाला घ्या. मग गणपतीत मुलांचं नाटुकलं होतं. एक पोरगा पँट वर ओढत, अध्यक्षांच्या आवाजात म्हणतो, "बघू, पुढच्या मीटिंगला घेऊ." हॉल हास्याने फुटतो. नवी माहिती शून्य. पण तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी पाहिलं की पाचव्या मजल्यावरच्या वहिनीही हसल्या, आणि वहिनींनी पाहिलं की काकांनी आपल्याला हसताना पाहिलं. पुढच्या वार्षिक सभेत हिशेब मागायला एकाऐवजी दहा जण उभे राहतात.

प्रत्येकाला एखादी गोष्ट माहीत असणं वेगळं, आणि ती सगळ्यांना माहीत आहे हे सगळ्यांना कळणं वेगळं. या दुसऱ्या अवस्थेला अभ्यासक सामायिक ज्ञान म्हणतात. माणसाला गप्प बसवते ती भीती एकटेपणाची असते, आणि सामायिक ज्ञानाने नेमका तो एकटेपणा जातो. ज्या देशात वर्तमानपत्रं दबलेली आहेत, विरोधी पक्ष विकले गेलेत, तिथे हे नाटुकलं कोण करणार? अनेक ठिकाणी ते रॅपरांनी केलं.

सेनेगल: गाण्यापासून मतदार कार्डापर्यंत

हे सगळ्यात स्वच्छ दिसतं ते पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल या देशात. तिथली सरकारी भाषा फ्रेंच, पण बाजारात, बसमध्ये, घरात लोक बोलतात ती प्रामुख्याने वोलोफ. कायदे, भाषणं, न्यायालयाचे निकाल फ्रेंचमध्ये. १९९० च्या दशकात राजधानी डाकारच्या वस्त्यांमधून वोलोफ रॅपच्या कॅसेटी फिरू लागल्या. कारभाराबद्दल लोकांच्या भाषेत, नावं घेऊन, कोणी बोलतंय हा अनुभवच नवा होता. स्वातंत्र्यापासून चाळीस वर्षं एकाच पक्षाची सत्ता होती. २००० साली ती संपली आणि अब्दुलाय वाद राष्ट्राध्यक्ष झाले, त्यात या रॅपवर पोसलेल्या पिढीचा वाटा मोठा होता.

पुढची गोष्ट मला जास्त शिकवून जाते. ज्यांना पोरांनी निवडून आणलं तेच वाद दहा वर्षांनी खुर्ची सोडायला तयार होईनात. तासन्‌तास वीज जात होती. जानेवारी २०११ मध्ये डाकारमध्ये काही मित्र असेच अंधारात बसले होते. थियाट आणि किलिफ हे 'कर गी' या गटाचे रॅपर, फादेल बारो हा पत्रकार. "आता पुरे झालं" असं म्हणत त्यांनी चळवळ उभी केली आणि नावही तेच ठेवलं, 'यां आ मार'. 'वैतागलो बुवा' हे त्याचं जवळचं मराठी होईल.

जून २०११ मध्ये वाद यांनी घटनादुरुस्ती आणली. पहिल्याच फेरीत नुसत्या २५ टक्के मतांवर राष्ट्राध्यक्ष निवडून येणार, आणि त्याच मतपत्रिकेवर सोबत उपाध्यक्षही. वाद तेव्हा ८५ च्या घरात. हा खटाटोप मुलाला गादीवर बसवण्यासाठी आहे असं लोक उघड म्हणू लागले. घटनादुरुस्ती ही काही गाण्याचा विषय वाटत नाही. पण या मंडळींनी ती वोलोफमध्ये फोडून सांगितली. २३ जूनला संसदेबाहेर एवढी गर्दी जमली की त्याच दिवशी सरकारला विधेयक मागे घ्यावं लागलं. पुढच्याच महिन्यात थियाटला भाषणावरून पोलिसांनी उचललं.

इथवरची कथा दुसऱ्या देशांतही सापडेल. या लोकांनी वेगळं केलं ते यानंतर. त्यांनी तरुणांना मतदार यादीत नाव घालायला लावणारी मोहीम काढली. तिला नाव दिलं 'दास फनानाल', म्हणजे झोपण्याआधीच हत्याराला धार लावून ठेवणं. हत्यार म्हणजे मतदार कार्ड. मैफिली झाल्या, वस्तीवस्तीत गट झाले, आणि गाण्याच्या शेवटी "चला, पेटून उठा" म्हणण्याऐवजी नाव कुठे नोंदवायचं ते सांगितलं जाऊ लागलं. दगडफेक करू नका, हेही बजावलं जायचं.

जानेवारी २०१२ मध्ये घटना परिषदेने वाद यांना तिसऱ्यांदा उभं राहायला परवानगी दिली, निदर्शनांत माणसं गेली. तरीही २५ मार्चला दुसऱ्या फेरीत त्यांचे प्रतिस्पर्धी मॅकी साल जवळपास ६६ टक्के मतं घेऊन जिंकले आणि त्याच रात्री वाद यांनी त्यांना फोन करून अभिनंदन केलं. डाकारमध्ये रणगाडा फिरला नाही.

पुढच्या वर्षी झुमान आणि केती या दोन रॅपरांनी तर बातमीपत्रच रॅपमध्ये सुरू केलं. एक फ्रेंचमध्ये, दुसरा वोलोफमध्ये, टायवाल्या निवेदकासारखे टेबलामागे बसून आठवड्याच्या बातम्या ठेक्यावर सांगायचे. अर्थसंकल्पालाही यमक सापडतं हे त्यांनी दाखवलं.

"लोक तसेही उठलेच असते"

कदाचित. ट्युनिशियाचं उदाहरण घ्या. हमादा बेन आमोर या तरुण रॅपरने नोव्हेंबर २०१० मध्ये थेट राष्ट्राध्यक्षांना उद्देशून गाणं केलं आणि इंटरनेटवर टाकलं. लोक कचऱ्यातून खातायत, तुम्हाला दिसतंय का, असा त्याचा सूर. १७ डिसेंबरला मोहम्मद बुअझिझी या हातगाडीवाल्याने स्वतःला पेटवून घेतलं आणि देश रस्त्यावर आला. ६ जानेवारीला रॅपरला अटक झाली, १४ जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले.

ठिणगी हातगाडीवाल्याची होती, त्यामागे बेकारी आणि महागाई होती, आणि मोर्चे टिकवले ते कामगार संघटनांनी आणि वकिलांनी. या सगळ्याचं श्रेय गाण्याला देणं हा त्यांच्यावर अन्याय होईल. गाण्याने रस्त्यावरच्या लोकांना एक सामायिक वाक्य दिलं आणि राष्ट्राध्यक्षांना नाव घेऊन बोलता येतं हे दाखवलं. दाणा रुजायला पाऊस लागतो, पण नांगरट आधी झालेली असावी लागते. गाणं ती नांगरट करतं.

"पण रॅप म्हणजे तर शिव्या, गाड्या आणि सोन्याच्या साखळ्या"

बरंचसं रॅप तसंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. बायकांबद्दल त्यात जे बोललं जातं ते ऐकून मला अनेकदा गाणं बंद करावं लागतं. हे संगीत विकायला लागल्यावर कंपन्यांनी त्यातलं जे जास्त खपतं तेच पुढे रेटलं, आणि साक्ष देणारे मागे राहिले.

शिवाय हे हत्यार सत्तेलाही चालवता येतं. २०१९ च्या लोकसभेआधी एका गाजलेल्या हिंदी चित्रपटातलं रॅप गाणं आपल्याकडच्या दोन्ही मोठ्या पक्षांनी आपापल्या प्रचारात वापरलं. म्हणून रॅप कानावर पडलं की मी आधी दोन प्रश्न विचारतो: हा कोणाच्या पैशावर बोलतोय, आणि बोलल्यावर याचं काही जाणार आहे का?

ज्यांचं गेलं त्यांची यादी मोठी आहे. इराणच्या तुमाज सालेहीला एप्रिल २०२४ मध्ये फाशीची शिक्षा सुनावली गेली; ती पुढे रद्द झाली आणि वर्षअखेर तो सुटला. क्युबात माइकेल ओसोर्बोला २०२२ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली. महाराष्ट्रात एप्रिल २०२३ मध्ये राज मुंगासे आणि उमेश खाडे या मराठी रॅपरांवर राजकीय गाण्यांवरून गुन्हे दाखल झाले. काहीच बदलत नसतं तर एवढी पोलीस ठाणी कामाला लागली नसती.

सरकार पडलं, पुढे काय?

इथे मात्र गाण्याचा जीव संपतो. बुर्किना फासोमध्ये स्मोकी हा रॅपर आणि एक रेगे गायक यांनी 'नागरिकांचा झाडू' अशा अर्थाच्या नावाची चळवळ काढली. ऑक्टोबर २०१४ मध्ये २७ वर्षं सत्तेत असलेल्या राष्ट्राध्यक्षांना जावं लागलं. पण २०२२ मध्ये त्याच देशात लष्कराने दोनदा सत्ता बळकावली. ट्युनिशियात २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी संसदच थांबवली. काठमांडूत महापौर झालेल्या रॅपरवर फेरीवाल्यांना हटवल्याबद्दल सडकून टीका झाली. "नाही" म्हणायला गाणं उत्तम. कचरा कुठे टाकायचा, पगार कुठून द्यायचे, फेरीवाल्याने कुठे बसायचं, हे ठरवायला दुसरी कौशल्यं लागतात.

सेनेगलमध्येही मॅकी साल यांच्या काळात पुन्हा तिसऱ्या कारकिर्दीची कुजबुज झाली, निदर्शनांत अनेक बळी गेले आणि २०२४ ची निवडणूक पुढे ढकलण्याचाही प्रयत्न झाला. घटना परिषदेने तो रद्द ठरवला, २४ मार्चला मतदान झालं आणि बासिरू जोमाय फाय पहिल्याच फेरीत जिंकले. २०००, २०१२, २०२४: तीन वेळा मतपेटीतून सत्ता बदलली. नाव नोंदवायची आणि रांगेत उभं राहायची सवय तिथे टिकली.

आपल्याकडे हे नवीन आहे का?

अजिबात नाही. हिप-हॉप १९७३ चं, आपला सत्यशोधक समाज बरोबर शंभर वर्षं आधीचा, १८७३ चा. त्याच्या जलशांनी शेटजी-भटजींचा हिशेब गावच्या बोलीत मांडला. मग आंबेडकरी जलसे आले. १९४४ मध्ये अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला गिरणगाव लोटायचा त्यात या शाहिरांच्या डफाचा वाटा किती होता, हे जुने लोक अजून सांगतात. त्या डफामागे युनियन होती, पक्ष होता. शाहीर खाली उतरला की वर्गणीची पावती फाडणारा कार्यकर्ता उभा असायचा. आजच्या रॅपरकडे लाखो व्ह्यूज असतात आणि पावतीपुस्तक कोणाकडेच नसतं.

मुंबईच्या आरेचं पाहा. 'स्वदेशी' या गटाने २०१९ मध्ये तिथले वारली कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासोबत जंगलावर, पाड्यांवर गाणं केलं. जंगलात माणसं राहतात हेच अनेक मुंबईकरांना तेव्हा कळलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी रात्रीतून झाडं तोडायला घेतली तेव्हा पोरं धावत गेली, काहींना अटक झाली. दोन हजारांहून अधिक झाडं गेली. कारशेड कांजूरला हलवायचं ठरलं, पुन्हा आरेतच आलं आणि आज मेट्रो धावतेय. लढाई हरली असं म्हणता येईल. पण त्या वादातच आरेतली आठशेहून अधिक एकर जमीन राखीव वन म्हणून जाहीर झाली, आणि आरे म्हणजे नुसती दुधाची कॉलनी असं आता कोणी म्हणत नाही.

परवा मी शेडजवळच्या त्या पोरांशी बोललो. टँकरवाल्या ओळीचा धनी एकोणीस वर्षांचा आहे, कुरिअरच्या कामाला जातो. मतदार यादीत नाव आहे का विचारलं, तर नाही म्हणाला. पाचांपैकी तिघांचं नव्हतं. अर्ज क्रमांक ६ भरायचा, मोबाइलवरूनही भरता येतो, वय आणि पत्त्याचा पुरावा जोडायचा, एवढं मी सांगितलं. तो ऐकत होता, पण ओठ हलत होते. मग मित्राला म्हणाला, "ठेका लाव रे, 'अर्ज'ला 'कर्ज' बसतंय."